मदत हवी आहे: व्हॅम्पायरच्या प्रेमात पडलेय
मंडळी, हसू नका. 'ट्वायलाइट' (2005) हे व्हॅम्पायर-प्रेमकथेचं पुस्तक टिंगल करायला म्हणून हातात घेतलं आणि पहाटे तीनपर्यंत जागले. 1918च्या फ्लूच्या साथीत मरता मरता व्हॅम्पायर झालेला, कायमचा सतरा वर्षांचा एडवर्ड! नायिका बेला वर्गात शेजारी येऊन बसते आणि हा मूठ आवळून, अंग चोरून बसतो, तिथेच मी गेले. (ती झोपलेली असताना गुपचूप खोलीत येणं मात्र जाम खटकलं.) पुढचे तीनही भाग संपले. मग 'ड्रॅक्युला' (1897) घेतलं. पत्रं-डायऱ्यांतून सरकत येणारी भीती झकास, पण त्यातल्या व्हॅम्पायर काउंट ड्रॅक्युलाकडे प्रेमाच्या नावाने ठणठणाट! माणूस-व्हॅम्पायर प्रेमाचं, पण नायिका जरा खमकी असलेलं काही सुचवाल का? मराठीत असेल तर दुधात साखर. नुसता रक्तपात नको.