देवच नाहीत, तर क्लेरिकला स्पेल देतं कोण?

वीसबाजू:
डंजन्स अँड ड्रॅगन्स म्हणजे टेबलाभोवती बसून पात्रं वठवायचा फाशांचा खेळ. त्यात क्लेरिक हा पुरोहित सहसा देवाकडून स्पेल, म्हणजे मंत्र, मिळवतो. माझ्या नव्या कॅम्पेनच्या (अनेक बैठकांत चालणाऱ्या कथेच्या) जगात मी देव ठेवलेले नाहीत. ते रुसून गेलेत किंवा मेलेत असंही नाही, मुळात नव्हतेच. पण जखमा भरणं, शाप उतरवणं, मेलेल्याला उठवणं हे सगळं मला हवंय, आणि ते विझर्डच्या, म्हणजे वहीतून जादू शिकणाऱ्याच्या, हातात द्यायचं नाहीये. म्हणून 'व्रती' नावाचा क्लास (पात्राचा प्रकार) लिहायला घेतलाय.

पहिल्या लेव्हलला खेळाडू एक व्रत घेतो: खोटं बोलणार नाही, मागणाऱ्याला रिकाम्या हाती पाठवणार नाही, रक्त सांडणार नाही, असं काहीही. व्रत पाळलं की स्पेल मिळतात, मोडलं की त्याच्याकडचे सगळ्यांत वरच्या लेव्हलचे स्लॉट (स्पेल टाकायच्या संधी) जातात. बाकी क्लेरिकसारखंच, हिट डाय (जीव किती ते ठरवणारा फासा) डी-आठ, म्हणजे आठ बाजूंचा.

देव काढला तर काही बिघडत नाही. पण देव असताना 'हे चालणार नाही' म्हणणारं कोणीतरी असतं, ते काढलं तर उरतो तो पांढरा झगा घातलेला विझर्ड. मतं येऊ द्या. धुलाईचीही तयारी आहे.

गुहामालक:
नसलेल्या दुखण्यावर औषध आहे हे. डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या २०००च्या तिसऱ्या आवृत्तीतच देवाशिवाय क्लेरिक करता येत होता. एखादं तत्त्व धरा, दोन डोमेन (ताकदीची क्षेत्रं) निवडा, चला पुढे. त्याआधी १९९१च्या डार्क सन या खेळातल्याच जगात देव नव्हतेच, तिथले क्लेरिक अग्नी-जल-वायू-पृथ्वीकडून ताकद घेत आणि टेम्प्लर हे राजसेवक थेट राजाकडून. २०१४च्या पाचव्या आवृत्तीत पॅलाडिन या धर्मयोद्ध्याची ताकद शपथेतून येते, देव असलाच पाहिजे असं नाही. तुमचा व्रती म्हणजे चिलखत काढलेला पॅलाडिन. वेगळा क्लास कशाला?

अर्धवट_पंडित:
दोघंही एक गोष्ट गृहीत धरताय की ताकद कोणीतरी द्यावी लागते. पूर्वमीमांसा, म्हणजे वेदांतल्या यज्ञकर्माचा अर्थ लावणारं दर्शन, वाचा. यज्ञ बिनचूक झाला की 'अपूर्व' नावाची न दिसणारी शक्ती निर्माण होते आणि फळ तिच्यातून मिळतं. देवता प्रसन्न होऊन काही देते असं मीमांसक मानत नाहीत, मंत्रात तिचं नाव आलं म्हणजे तिचं काम झालं. इतका कर्मठ आणि तरीही देवाच्या कृपेवाचून चालणारा पुरोहित आयता मिळतोय, तर व्रतं कशाला हवीत? विधी हीच ताकद.

आणि चूक झाली की उलटली पाहिजे. त्वष्ट्याने इंद्राला मारणारा मुलगा मागितला, मंत्रातला स्वर चुकला आणि इंद्राच्या हातून मरणारा वृत्र जन्मला. डी-वीसवर एक पडला की हीलिंग शत्रूला. खेळायला काय मजा येईल!

(याच्या जवळ जाणारा क्लास होता एक, याच खेळाच्या २००५च्या हॉरर पुस्तकातला आर्किव्हिस्ट. देवांचे स्पेल वहीत उतरवून घ्यायचा आणि बुद्धीच्या जोरावर टाकायचा.)

वीसबाजू:
@अर्धवट_पंडित वृत्राचा किस्सा उचलतोय. पण वही, बुद्धी आणि बिनचूक पाठ, म्हणजे विझर्डच झाला ना तो?

@गुहामालक नुसतं तत्त्व धरून भागत नाही. 'कम्यून' घ्या, पाचव्या लेव्हलचा स्पेल. देवाला प्रश्न विचारायचे, उत्तर हो किंवा नाही. तिसऱ्या आवृत्तीतल्या त्या क्लेरिकने 'न्याय' हे तत्त्व धरलंय आणि तो विचारतोय, 'सेनापती फितूर आहे का?' उत्तर कोण देणार, न्याय? टेबलावर नेमकं याच क्षणी जग पोकळ वाटायला लागतं. डीएम (खेळ चालवणारा) 'हो' म्हणतो आणि सगळ्यांना कळतं की हे डीएमच बोलतोय.

माझ्याकडे उत्तर असं: तेच व्रत शेवटपर्यंत पाळून मेलेले जुने व्रती बोलतात. त्यांना फक्त हयातीत पाहिलेलंच ठाऊक. कालची फितुरी विचाराल तर गप्प.

कोपऱ्यातली_खुर्ची:
हे सगळं डीएमच्या खुर्चीतून छान दिसतं. तिसऱ्या आवृत्तीत मी पॅलाडिन खेळले आहे. जाणूनबुजून एक दुष्कृत्य केलं की क्लासची सगळी ताकद जायची. आमच्या डीएमने मुद्दाम प्रसंग रचला: खोटं बोल, नाहीतर गाव जळेल. मी खोटं बोलले. पुढची तीन सेशन नुसती तलवार फिरवत बसले आणि बाकीचे मजेत खेळत होते. 'हे चालणार नाही' म्हणणारा देव काढलात तर त्याच्या जागी डीएमच बसतो, आणि तो देवापेक्षा खडूस असतो. मला तरी हा क्लास नको.

वीसबाजू:
ही तक्रार सगळ्यांत जड आहे. मग व्रत मोडणं खेळाडूच्या हातात देऊ. पुराणातली तपश्चर्या आठवा: विश्वामित्राने त्रिशंकूसाठी अख्खा वेगळा स्वर्ग उभा केला, पण साठवलेलं तप त्यात खर्ची पडलं. तसं व्रती आपणहून व्रत मोडू शकेल. त्या क्षणी एक स्पेल पूर्ण ताकदीने लागेल, फासे न टाकता सगळे आकडे कमाल. त्यानंतर वरचे स्लॉट बंद. डीएमने कोंडीत पकडून मोडायला लावलं, तरी बदल्यात काहीतरी हाती पडतंच.

कोपऱ्यातली_खुर्ची:
असं असेल तर खेळेन. पण मोडलं की नाही हे मी ठरवणार. डीएमने 'तू आत्ता खोटं बोललीस हं' म्हणायचं नाही.

गुहामालक:
आणि सगळे व्रती शेवटच्या मारामारीत व्रत मोडणार, रात्री झोपणार, सकाळी पुन्हा साधू! लाँग रेस्टने (रात्रभराच्या विश्रांतीने) स्लॉट परत येत असतील तर हा शाप नव्हे, बोनस आहे.

वीसबाजू:
झोपून परत येणारच नाहीत. मोडलेल्या व्रताने ज्याचं नुकसान झालं त्याची भरपाई करायची, तेव्हाच. रक्त सांडलं असेल तर मेलेल्याच्या घरी जा. एका पार्टीला (खेळाडूंच्या टोळीला) दोन-तीन सेशनचं काम मिळतं, मला वेगळं साहस लिहावं लागत नाही.

अर्धवट_पंडित:
ओसाड गुहेत एकट्या ऑर्कला, त्या राक्षसाला, मारलं तर? घर नाही, दार नाही.

वीसबाजू:
ऑर्कलाही आई असते.

गुहामालक:
भरपाई पटली. पण मेलेले व्रती कम्यूनला उत्तर देतात म्हणालात, म्हणजे मेल्यावर माणूस कुठेतरी जातो. मेलेल्याला उठवणाऱ्या 'रेज डेड' स्पेलला पाचशे सुवर्णमुद्रांचा हिरा लागतो, तो नाहीसा होतो, आणि आत्म्याची परत यायची इच्छाही असावी लागते. मग आत्मे राहतात कुठे, ती जागा सांभाळतं कोण, आणि हिरा जातो कोणाकडे? या तिघांना एकच उत्तर निघालं, तर तुमच्या जगात देव आहे. तुम्ही फक्त त्याला नाव दिलेलं नाही.