शब्दचर्चा: 'रक्तसंक्रमण' की 'रक्त चढवणे'?

कोरांटी: गुदाशयाच्या कर्करोगाच्या ऑपरेशनआधी पेशंटला द्यायचं माहितीपत्रक मराठीत करतेय. लिहिलं, 'रक्तसंक्रमण टाळण्यासाठी आधी शिरेतून लोह दिले जाईल.' मावशीला वाचायला दिलं तर म्हणाली, "अगंबाई, रक्तातून लागण होते की काय?" काय लिहू?

खडू: संक्रमण म्हणजे एकीकडून दुसरीकडे जाणं. सूर्य मकर राशीत जातो तेही संक्रमणच. हिंदी बातम्यांनी त्याचं इन्फेक्शन केलं. आपला शब्द संसर्ग. आपण का माघार घ्यायची? राज्य रक्त संक्रमण परिषद आहेच की!

वाडीकर: परिषदेची पाटी पेशंट वाचत नाही. आमच्याकडे रक्त 'चढवतात', नाहीतर सरळ 'दोन बाटल्या लावल्या'. काचेच्या बाटल्या जाऊन ३५० मिलीच्या पिशव्या आल्या, तरी तोंडी बाटल्याच.

खडू: चढवणे हिंदी.

वाडीकर: कोट चढवतो, आवाज चढवतो, मग रक्तानंच काय घोडं मारलंय?

जुनी वही: रक्ताधान लिहा. गर्भाधानासारखं.

वाडीकर: म्हणूनच नको!!

रात्रपाळी: मी भूलतज्ज्ञ. शब्द राहू द्या, आधी 'टाळण्यासाठी' काढा. हमी कोण देणार? त्रिकास्थीच्या, म्हणजे माकडहाडाच्या वरच्या हाडाच्या, पुढ्यात शिरांचं जाळं असतं, ते फाटलं की रक्तस्त्राव आवरता आवरत नाही, पिशव्या मागवाव्याच लागतात. 'गरज कमी व्हावी म्हणून' लिहा. आणि 'आधी' म्हणजे कधी? गाठीतून थोडंथोडं रक्त जात राहतं, पेशंट पांढराफटक होऊन येतो. लोह निदान दोन-तीन आठवडे आधी हवं, आदल्या रात्री देऊन काय होणार! एरवी रक्त वाहत नसेल, हृदय धड असेल, तर हिमोग्लोबिन ७ च्या आसपास येईपर्यंत आम्ही सहसा रक्त देत नाही.

कोरांटी: हे फार कामाचं. वाक्य बदलते. पण मग 'रक्त देत नाही' की 'चढवत नाही'? 'रक्त देणे' म्हटलं की मावशीला रक्तदान शिबिर आठवतं.

जुनी वही: 'लोह'ही बदला. मावशी म्हणेल, लोखंड टोचतायत.

खडू: डॉक्टर, रक्तस्राव. स्रवणे, त्यावरून स्राव. 'त' कुठून आला?

रात्रपाळी: फोनमधून.

वाडीकर: माझाही फोन 'स्त्राव'च सुचवतो. सगळे तसंच लिहितात, म्हणजे झालाच की तो शब्द.

खडू: सगळे 'सहस्त्र'ही लिहितात!

कोरांटी: पत्रक उद्या छापायला जायचंय हो…

जुनी वही: 'अजस्र'वरही बोलू या जरा.