वि: आश्रमाच्या बॅटरीगाडीसाठी पुन्हा वर्गणी?

नमस्कार मंडळी,

धायरी फाट्याच्या पुढच्या ज्या वृद्धाश्रमाला आपण दोन वर्षांपूर्वी सहा आसनी बॅटरीगाडी दिली, तिथून काल फोन आला. रात्रभर चार्जिंगला लावूनही गाडी दुपारच्या आत मान टाकते. त्यात उतारावर ब्रेक नीट लागत नाही, म्हणून आजी-आजोबा बसायलाच घाबरतात. जेवणघरापर्यंत काठी टेकत जातात. मेकॅनिक म्हणतो, सहाही बॅटऱ्या बदला. आपण पुन्हा वर्गणी काढायची का? काका, तुम्ही सध्या पुण्यातच आहात ना? एक चक्कर मारता येईल का?

— खजिनदार

---

ताई,

शनिवारी आणि रविवारी, दोन्ही दिवस जाऊन आलो. वर्गणी इतक्यात काढू नका. फोर्कलिफ्टच्या देखभालीत माझी तीस वर्षं गेली. बॅटरी दमते तेव्हा दोष दरवेळी बॅटरीचाच असतो असं नाही, हे तिथेच शिकलो.

म्हणून बॅटरीला हात लावण्याआधी चाकं पाहिली. आवारात दोन फेऱ्या मारायला लावल्या आणि मागच्या चाकांपाशी हात नेला. उजवं कोमट, डावं इतकं तापलेलं की हात ठेववेना. गाडी सपाटीवर घेतली, पुढच्या चाकांना दगड लावले, मागची बाजू जॅकवर उचलून खाली स्टँड दिले आणि पार्किंग ब्रेक सोडला. उजवं चाक हाताने सहज फिरलं. डावं अर्धा वेढा फिरून अडकलं. पावसाळाभर गाडी पार्किंग ब्रेक ओढून उभी होती, त्यात डावीकडची केबल आवरणातच गंजून बसली. पेडल सोडलं तरी शू, म्हणजे ब्रेकची घासणारी पट्टी, चाकाच्या ड्रमला आतून चिकटूनच राहतो. मोटर दिवसभर त्या ब्रेकशी झगडते, आणि त्याचा भुर्दंड बॅटरीला!

उतारावर ब्रेक न लागण्याचं मूळही तेच. सतत घासून डाव्या शूवरचं अस्तर, म्हणजे लायनर, काचेसारखं गुळगुळीत झालं होतं, आणि एकट्याने भार ओढून उजवं जवळजवळ संपलं होतं. नाना पेठेतून दोन्ही केबल आणि दोन्ही बाजूंचे शू आणले. एकच बाजू बदलली असती तर ब्रेक दाबताच गाडी एका अंगाला ओढली असती. ड्रममधली काळी भुकटी ओल्या फडक्याने पुसून घेतली. तिथला मुलगा हवेचा पाइप घेऊन आला होता, त्याला थांबवलं. ती धूळ छातीत जाता कामा नये.

आता बॅटऱ्या. आठ व्होल्टच्या सहा, मिळून ४८. चार्ज करून रात्रभर तशाच ठेवल्या आणि सकाळी एकेक मोजली. पाच बॅटऱ्या ८.४ च्या आसपास, सहावी ८.१. नुसत्या उभ्या गाडीत हा फरक किरकोळ वाटतो. पण चार माणसं बसवून चढावर नेली तेव्हा पाच जणी आठच्या जवळपास टिकल्या आणि सहावी साडेसहावर आली. ॲसिडची घनता मोजणारा हायड्रोमीटर घातला तर इतर सेलमध्ये, म्हणजे बॅटरीच्या कप्प्यांत, १.२६ च्या आसपास आणि तिच्या एका सेलमध्ये १.१५. म्हणजे तो सेल खचलाय, बदलायची ती ही एकच.

असं का झालं, तेही सापडलं. ही बॅटरी मधल्या रांगेत आहे. तिची दोन बुचं सीटखालच्या पट्टीच्या आड येतात. बॅटरीत पाणी घालणारा मुलगा दिसतील तेवढीच बुचं उघडायचा. ती पट्टी दोन बोल्टवर आहे, काढली की निघते, हे त्याला कुणी दाखवलंच नव्हतं. एप्रिलच्या उन्हात पाणी आटलं आणि प्लेटा उघड्या पडल्या. शिवाय तो पाणी घालायचा आरओचं. त्यातही क्षार उरतात. डिस्टिल्डच हवं.

त्याला समोर बसवून सगळं करून दाखवलं. आधी चावी काढायची आणि सीटखालचा स्विच ‘टो’वर, म्हणजे मोटरची वीज तोडणाऱ्या खुणेवर, घ्यायचा. हातातलं कडं, अंगठी बाजूला ठेवायची. डोळ्यांवर चष्मा, हातात रबरी मोजे. चार्जिंगआधी प्लेटा जेमतेम बुडतील एवढंच पाणी, बाकीचं चार्जिंग झाल्यावर, कारण चार्ज होताना पातळी वर चढते. आधीच काठोकाठ भरलं तर ॲसिड उतू जातं आणि टर्मिनलवर पांढरी-हिरवी बुरशी धरते. ती खायच्या सोड्याच्या पाण्याने धुतली, पण सोड्याचा थेंब आत गेला तर ॲसिड मरतं, म्हणून आधी बुचं घट्ट लावली. चार्जिंगची जागा गोदामातून उघड्या शेडखाली आणली. चार्ज होताना हायड्रोजन सुटतो, आणि त्या गोदामात कुणीतरी उदबत्ती लावत होतं! हे पाहून मात्र माझ्या काळजाचा ठोका चुकला.

— काका

---

काका, तुमचे आभार कसे मानू? एकच शंका. पाच जुन्या आणि एक नवी, असं चालतं का?

— खजिनदार

---

ताई,

संच चार-पाच वर्षांचा असता तर मीच नको म्हटलं असतं. जुन्यांच्या संगतीत नवीही लवकर थकते. इथे पाच जणी दोन वर्षांच्या आणि धडधाकट आहेत, म्हणून त्याच बनावटीची, त्याच क्षमतेची एकच घ्यायची. जुनी दुकानदाराला परत द्यायची, भंगारवाल्याला नाही, आत शिसं आहे. एका बॅटरीचे पैसे तेवढे पाठवा.

ब्रेक सुटल्यावर काल जुन्याच बॅटऱ्यांवर गाडी संध्याकाळी पाचपर्यंत चालली. उतारावर मी स्वतः तीनदा थांबवून पाहिली. मग एक आजी पुढे बसल्या, आधी दांडी घट्ट धरून, आणि दुसऱ्या फेरीला हात मांडीवर ठेवून.

बॅटरी बसवायला बुधवारी जातो. पट्टीचे बोल्ट काढायचा पाना त्या मुलासाठी घेऊन ठेवलाय.

— काका