विषय: ६०० किलोमीटरला विमानाचे दोन तास?

नमस्कार मंडळी,

आई-बाबा पुढच्या महिन्यात भावाकडे जाऊन परत येणार आहेत. दोन्हीकडचे विमानतळ लहान. एका संकेतस्थळावर अंतर ६०० दिसतं, दुसऱ्यावर ३२४. वेळ म्हणे ४५ मिनिटं! तिकिटावर मात्र जाताना १ तास ३५ मिनिटं आणि येताना पूर्ण २ तास. मध्ये कुठे उतरतं का? परतल्यावर लगेच त्यांना पुढचं विमान धरायचंय आणि बाबांना भरभर चालवत नाही. कुणाला माहिती असेल तर कृपया सांगा.

---

ताई, नमस्कार.

मी बरीच वर्षं विमानांच्या उड्डाण-नियोजनात काम केलंय, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी अंतर. ३२४ हे सागरी मैल आहेत. एक सागरी मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर, तेव्हा दोन्ही आकडे एकच.

४५ मिनिटांवर मात्र विसंबू नका. ती संकेतस्थळं ताशी ८०० किलोमीटर, म्हणजे जेटचा वेग धरतात आणि सरळ भागाकार करतात. लहान विमानतळांवर बहुधा पंख्याचं, एटीआर नावाचं लहान विमान येतं. त्याचा वेग ताशी ५०० च्या आसपास. शिवाय तिकिटावरची वेळ गेटपासून गेटपर्यंतची असते. धावपट्टीपर्यंत जाणं, वर चढणं, उतरण्यासाठी वळसा घेणं, हे सगळं त्यात येतं. हा वेळ अंतर कमी झालं म्हणून कमी होत नाही, त्यामुळे जवळच्या प्रवासात तोच जास्त जाणवतो.

आता जाण्या-येण्यातला फरक. तुमचे आई-बाबा जाताना पूर्वेकडे जाणार असावेत, कारण पावसाळा सोडला तर आपल्या अक्षांशांवर वरचा वारा बहुतेक पश्चिमेकडून वाहतो. तो ताशी ८० किलोमीटर धरा. जाताना वेग ५८०, म्हणजे ६२ मिनिटं. येताना ४२०, म्हणजे ८६ मिनिटं. वारा नसता तर दोन्ही वेळा ७२. बघा, वारा जाताना १० मिनिटं देतो आणि येताना १४ काढून घेतो, कारण समोरच्या वाऱ्यात विमान जास्त वेळ राहतं. यावर चढण्या-उतरण्याची आणि जमिनीवरची अर्धा तासाच्या आसपासची भर घाला, की तुमच्या तिकिटाचे आकडे जुळतात. हिवाळ्यात वारा अजून जोर धरतो.

मध्ये उतरण्याचं विचारलंत, तर तिकिटावर ‘नॉनस्टॉप’ लिहिलंय का ते बघा. नुसतं ‘डायरेक्ट’ असेल तर फ्लाइट नंबर तोच राहून विमान मध्ये थांबू शकतं. हा घोळ फार जणांचा होतो. दोन्ही ठिकाणांची घड्याळं वेगळी असतील तर तेही बघा, तिकिटावर स्थानिक वेळ असते.

बाबांसाठी व्हीलचेअर आत्ताच नोंदवा. ती घेणारे प्रवासी बहुधा सगळ्यांत शेवटी उतरतात, तेवढा वेळ वेगळा धरा. आणि पुढचं विमान त्याच तिकिटावर आहे ना? वेगळं तिकीट असेल आणि ते चुकलं, तर भुर्दंड आपल्यालाच पडतो.

---

दादा, मनापासून आभार. ‘नॉनस्टॉप’च आहे. पण पुढचं तिकीट वेगळं निघालं आणि मध्ये जेमतेम ५० मिनिटं होती. आजच फोन करून संध्याकाळचं विमान घेतलं, व्हीलचेअरही नोंदवली. बाबांना वाऱ्याचं गणित वाचून दाखवलं, तर त्यांनी कागद-पेन मागितलं आणि स्वतः मांडून बघितलं.