कॅन्सस सिटी ते सिल्व्हरथॉर्न (डेन्व्हरच्या पुढे, डोंगरात), आय-७० महामार्गाने एकटीच

प्रश्न: ऑक्टोबरअखेर निघतेय. साधी फ्रंट-व्हील सेडान, ऑटोमॅटिक. वाटेत कशाची काळजी घ्यावी?

उत्तर १: डेन्व्हरपर्यंतच साधारण ६०० मैल, निव्वळ चालवायचे नऊ तास. डेन्व्हरनंतरचा घाट दुसऱ्या दिवशी उजेडात करा. कॅन्सस टर्नपाइकवर (टोलचा रस्ता) रोख टोल घेत नाहीत, नंबरप्लेटवरून बिल येतं. टाकी अर्धी झाली की भरायची: हेज, कोल्बी, गुडलंड, लायमन. कोल्बीनंतर घड्याळ तासभर मागे जातं.

उत्तर २: सपाट रस्ता म्हणून गाफील राहू नका, आडवा वारा वाईट. उत्तरेचा, म्हणजे तुमच्या उजवीकडचा वारा असेल तर ट्रकला ओलांडताना तो क्षणभर अडतो आणि गाडी ट्रककडे झुकते. पुढे निघताच झपकन डावीकडे ढकलली जाते. दोन्ही हात स्टिअरिंगवर, वेग कमी.

उत्तर ३: कोलोरॅडोत सर्वात स्वस्त पेट्रोल बहुधा ८५ ऑक्टेनचं (पेट्रोलचा दर्जा सांगणारा आकडा). मॅन्युअलमध्ये ८७ लिहिलंय ना? मग पंपावरचं मधलं बटण दाबा.

खरी परीक्षा आयझेनहॉवर बोगद्यानंतर (११,१५८ फूट). सिल्व्हरथॉर्नपर्यंत सुमारे ७ टक्के उतार. ब्रेकवर सतत पाय ठेवला की तो तापतो, पेडल मऊ पडतं. उतार लागायच्या आधीच 'एल' किंवा खालचा गिअर टाका, ब्रेक थोडा वेळ ठाम दाबून सोडा.

उत्तर ४: टायर राहिले! मॉरिसनपासून (डेन्व्हर सोडताच) पुढे सप्टेंबर ते मे ट्रॅक्शनचा, म्हणजे बर्फात टायरची पकड राहावी यासाठीचा नियम आहे. तुमच्या गाडीला एम-प्लस-एस (चिखल-बर्फाचे) किंवा विंटर टायर हवेत, टायरची खाच किमान ३/१६ इंच खोल. डिकीत टायरवर चढवायची चेनही ठेवा, आणि ती एकदा घरीच चढवून बघा.