मदत हवी आहे: माझ्या गोळ्यांमुळं बाळाचं वजन वाढेना का?

खानापूरची_आई
लवकर उत्तर द्या, दोन रात्री डोळ्याला डोळा नाही. गरोदरपणात चौथ्या महिन्यात माझी एचआयव्ही तपासणी पॉझिटिव्ह आली. तेव्हापासून रोज रात्री एक गोळी घेते, एकदाही चुकवलेली नाही. काल अंगणवाडीत बाळाला झोळीच्या काट्यात घातलं, बाईंनी कार्डावर पेनानं टिंब काढलं आणि ते पिवळ्या पट्ट्यात गेलं. बाई काही बोलल्या नाहीत, नुसतं माझ्याकडं बघितलं. शेजारणीचं बाळ वीस दिवसांनी लहान, पण किती दांडगं आहे. सासूबाई म्हणतात तुझ्या दुधातच कस नाही. नवऱ्याशिवाय घरात कुणाला माझं माहीत नाही. पोटात असताना ह्या गोळ्या बाळाला बाधल्या का? आता बंद केल्या तर बाळ सुधारेल का?

घटप्रभाकाठ
ताई, नाचणी सत्त्व चालू करा. नाचणी रात्रभर भिजवा, मोड आणा, सावलीत वाळवून दळा. माझ्या दोन्ही मुलांना हेच दिलं. बाजारातल्या डब्यांवर पैसे घालवू नका.

निपाणीकर
सरळ कोल्हापूरला जावा. आमच्या घरच्यांचे सगळे उपचार तिथंच होतात, भाषेची अडचण नाही.

हुक्केरीची_सिस्टर
बाकी सगळं नंतर. गोळी बंद करायची नाही, एक दिवससुद्धा नाही. उपचार नसताना आईकडून बाळाला लागण होण्याचं प्रमाण 15 ते 45 टक्के असतं, नीट उपचार घेतले तर ते 5 टक्क्यांच्या खाली येतं. तुम्ही अजून अंगावर पाजत असाल तर तीच गोळी आजही बाळाला राखते आहे.
आता सांगा: बाळ किती महिन्यांचं? मुलगा की मुलगी? जन्माचं वजन किती, आताचं किती? दीड महिन्याला बाळाच्या एचआयव्ही तपासणीसाठी टाचेचं रक्त दिलं होतं का?

खानापूरची_आई
मी विचारलं गोळ्यांचं, तुम्ही मलाच प्रश्न विचारताय. मुलगी आहे. वजन 6 किलो 200. टाचेचं रक्त दिलं होतं, निगेटिव्ह आलं.

हुक्केरीची_सिस्टर
वय राहिलं ताई. 6 किलो 200 हे पाच महिन्यांच्या मुलीचं असेल तर काळजीचं काहीच नाही, वर्षाच्या मुलीचं असेल तर फार कमी आहे.

खानापूरची_आई
परवा नऊ महिने पूर्ण झाले. जन्माला 2 किलो 400, सहा महिन्यांना 5 किलो 900. लांबी साडेसहासष्ट सेंटिमीटर लिहिली आहे.

सीमेवरचा
आपल्याकडं कर्नाटकात हे कार्ड फक्त कन्नडमध्ये का? मराठी आईनं आपल्या बाळाचं कार्ड कसं वाचायचं? यावर कुणीतरी निवेदन द्यायला पाहिजे.

निपाणीकर
म्हणूनच म्हटलं कोल्हापूरला जावा.

अथणीचा_मास्तर
मागणी रास्त आहे, पण तिला वेगळा धागा काढा. इथं एका आईला झोप नाही. आणि तायी कार्डावरचा (आई-बाळाच्या सरकारी कार्डावरचा) तक्ता वाचायला कन्नड लागत नाही. हिरवा पट्टा म्हणजे ठीक, पिवळा म्हणजे वजन कमी, केशरी म्हणजे फार कमी. टिंबं जोडून रेघ चढते आहे की आडवी पडली आहे तेवढं बघायचं.

हुक्केरीची_सिस्टर
मास्तरांनी बरोबर सांगितलं. नऊ महिन्यांच्या मुलीला 6 किलो 500 च्या खाली पिवळा, 5 किलो 800 च्या खाली केशरी. लांबी अजून हद्दीत आहे. पण रेघ बघा. पहिल्या सहा महिन्यांत बाळानं साडेतीन किलो वाढवलं आणि पुढच्या तीन महिन्यांत फक्त 300 ग्रॅम. ह्या तीन महिन्यांत मुली साधारण 900 ग्रॅम वाढतात. पोटातल्या गोळ्यांनी वजन अडवलं असतं तर पहिल्या सहा महिन्यांत एवढी चढण दिसली नसती. काहीतरी सहा महिन्यांनंतर बिघडलं आहे. वरचं खाणं काय देता?

तुमच्या मूळ प्रश्नाचंही सांगते, लपवायचं काही नाही. एचआयव्ही असलेल्या आईची लागण न झालेली बाळंसुद्धा सरासरीनं थोडी लहान राहतात, असं बऱ्याच ठिकाणी आढळलं आहे. त्यात आईचा आजार, घरची ओढाताण, बाळाची दुखणी, सगळं आलं. तुमच्या गोळीत टेनोफोविर असेल तर त्याबद्दल 2012 साली अमेरिकेत एक अभ्यास आला होता. पोटात असताना ते औषध मिळालेल्या बाळांची लांबी आणि डोक्याचा घेर वर्षाला किंचित कमी निघाला, जन्माच्या वेळी फरक नव्हता. किंचितच. गोळी सोडल्यावर जे होतं ते त्याच्या कितीतरी पट वाईट.

खानापूरची_आई
वरचं म्हणजे डाळीचं पाणी, भाताची पेज, दुधात बिस्कीट. दोनदा. मधे जुलाब झाले होते, दोन वेळा. आणि एक गोष्ट लिहिली नव्हती. मागच्या आठवड्यात घाबरून बाहेरच्या लॅबमध्ये बाळाची तपासणी केली. पॉझिटिव्ह आली. नवऱ्यालाही सांगितलेलं नाही. आता काय उरलं?

मलप्रभा
अंगावरचं दूध आजच तोडा! पावडर चालू करा. माझ्या नात्यात असंच झालं होतं, डॉक्टरांनी दूधच बंद करायला लावलं.

हुक्केरीची_सिस्टर
मलप्रभा, हात जोडते, असं लिहू नका. ती जुनी गोष्ट असेल. 2014 पासून आपल्याकडं प्रत्येक पॉझिटिव्ह गरोदर बाईला आयुष्यभराचे उपचार मिळतात, त्यामुळं पाजण्याचे सल्लेही बदलले. पहिले सहा महिने नुसतं अंगावरचं, मग वरच्या खाण्याबरोबर निदान वर्षापर्यंत. वजन घसरत असताना दूध तोडलं, बाटली आली, की आणखी जुलाब.

ताई, आता नीट वाचा. लॅबमध्ये पट्टीवरची तपासणी झाली ना? ती विषाणू शोधत नाही, प्रतिपिंडं शोधते, म्हणजे विषाणूशी लढायला शरीर रक्तात जे तयार करतं ते. तुमची प्रतिपिंडं नाळेतून बाळाकडं गेलेली असतात आणि ती दीड वर्षापर्यंत राहू शकतात. म्हणून त्या पट्टीवर दोन रेघा आल्या म्हणजे बाळाला लागण झाली असं होत नाही. नाही झाली असंही मी म्हणणार नाही. त्यासाठी टाचेच्या रक्ताची पीसीआर तपासणी परत करायची, ती थेट विषाणूच शोधते. बाळाच्या सहा महिन्यांच्या तपासणीची फेरी झाली होती का? गरोदरपणात आठव्या महिन्यात तुमचा व्हायरल लोड, म्हणजे रक्तात विषाणू किती ते बघणारी तपासणी, केला होता का? आणि बाळाला इतर जंतुसंसर्गापासून राखणारं कोट्रायमोक्साझोलचं औषध चालू आहे ना?

खानापूरची_आई
व्हायरल लोडमध्ये विषाणू सापडला नाही असं आलं होतं. सहा महिन्यांना गेले नाही, भात लावणी होती, पाऊस होता, आणि दरवेळी बेळगावला कशाला जाते म्हणून घरी विचारतात. ते औषध दीड महिन्याचं निगेटिव्ह आल्यावर मीच बंद केलं.

अथणीचा_मास्तर
बाळाची तपासणी कुणाला कळेल ही भीती असेल तर 2017 चा एचआयव्ही-एड्सचा कायदा तुमच्या बाजूनं आहे. तुमच्या संमतीवाचून दवाखान्यातल्या कुणीही हे बाहेर सांगायचं नाही. 1097 ह्या एड्स हेल्पलाइनवर फुकट फोन लागतो, नाव सांगावं लागत नाही.

डबेवाली_अक्का
कुणी विचारलं नाही तरी लिहिते. एचआयव्हीच्या गोळीत डोलुटेग्रॅविर हे औषध असेल तर लोहाची, कॅल्शियमची गोळी उपाशीपोटी त्याबरोबर घेऊ नका. त्याच्या दोन तास आधी तुमची गोळी घ्या, नाहीतर सगळ्या गोळ्या एकत्र, जेवणाबरोबर घ्या. मला हे वर्षभर कुणी सांगितलं नव्हतं.

हुक्केरीची_सिस्टर
हे चांगलं सांगितलं. ताई, कोट्रायमोक्साझोल लागण नाही हे पक्कं होईपर्यंत द्यायचं असतं. तुमची चूक काढत नाही, बंद करताना कुणी अडवलं नाही एवढंच. तालुक्याच्या दवाखान्यात आयसीटीसीत, म्हणजे एचआयव्ही तपासणी आणि सल्ला केंद्रात जा, लॅबचा कागद आणि कार्ड दोन्ही घेऊन. जुलाबाचंही सांगा. पेज आणि डाळीचं पाणी म्हणजे पाणीच. वाटीत चमचा उभा राहील इतका दाट खिमट करा, तांदूळ-मुगाचा, त्यात चमचाभर तूप. घटप्रभाकाठ म्हणतात ती नाचणीही द्या, पण दाट. दिवसातून तीनदा, मधे केळं. बिस्कीट नको.

घटप्रभाकाठ
नाचणीत गूळही घालू शकता.

खानापूरची_आई
जाते. पण घरी काय सांगू? सहाव्या महिन्यालाही इथंच अडले होते.

हुक्केरीची_सिस्टर
नऊ महिने झालेत, गोवर-रुबेलाची लस दिली का? 'अ' जीवनसत्त्वाचा डोस?

खानापूरची_आई
नाही अजून.

हुक्केरीची_सिस्टर
मग लसीला जाते म्हणून सांगा, ते खरंच आहे. लस द्यायच्या आधी तिथल्या सिस्टरना तुमचं सगळं सांगा.

खानापूरची_आई
गुरुवारी जाऊन आले. टाचेतून पाच थेंब घेतले, कागदावरच्या गोलात एक एक. ती आधी रडली, मग माझा पदर धरून झोपली. कागद वाळेपर्यंत मी तिथंच बसले होते. निकालाला थोडे दिवस लागतील म्हणाल्या. ते औषध परत चालू केलं. तिथल्या काट्यावर 6 किलो 250 भरलं. काल संध्याकाळी अर्धी वाटी खिमट तिनं थुंकलं, अर्धी खाल्लं. घास तोंडातून बाहेर ढकलते ते कसं थांबवायचं, कुणी सांगाल का?