व्यायामाच्या बॉलमध्ये हवा किती भरायची? (सोसायटी ग्रुपवरून)

बी-३०४: नमस्कार मंडळी. मुलगी बाळंतपणाला माहेरी आली आहे, सातवा महिना चालू आहे. डॉक्टरांनी तिला बसायला तो मोठा व्यायामाचा बॉल सांगितलाय. ६५ सेंटिमीटरचा आणला. अर्धा तास पंप मारतोय, तरी मऊच लागतो. पेट्रोल पंपावर नेऊन भरून आणू का?

सी-१०१: काका, तिथे अजिबात नेऊ नका. ती हवा टायरसाठी असते, जोरात येते. किती भरली हे कळायच्या आत जास्त होईल. माझ्याकडे सायकलचा पंप आहे, निमुळत्या तोंडासकट. पाठवते.

ए-५०२: काका, मी फिजिओथेरपिस्ट म्हणून सांगते, आज तो मऊच राहू दे. नवा बॉल घडी घालून डब्यात आवळलेला असतो. आधी दोन तास घरात उघडा पसरून ठेवायचा, मग घेर पूर्ण मापाच्या साधारण ८० टक्के होईल इतकीच हवा भरायची, बूच लावायचं आणि २४ तास हात लावायचा नाही. प्लास्टिक सैलावतं. उरलेली हवा उद्या.
आणि अंगठ्याने दाबून अंदाज घेऊ नका, मोजा. ६५ हा व्यास आहे, म्हणजे पूर्ण भरल्यावर घेर साधारण २०४ सेंटिमीटर. आज १६३ च्या आसपास थांबा. शिवणकामाची टेप १५० चीच असते, म्हणून मधोमध सुतळी गुंडाळा आणि मग सुतळी मोजा. २०४ च्या पुढे कधीच जायचं नाही.

ए-२०१: हे खेळणं गरोदर बाईला चालतं का गं?

ए-५०२: आजी, हे खेळणं नाही. १९६३ च्या सुमारास इटलीत असे बॉल बनले आणि स्वित्झर्लंडमधल्या फिजिओथेरपिस्टनी ते उपचारात आणले, म्हणून त्याला स्विस बॉल म्हणतात. डॉक्टरांनी सांगितलंय तर चालतं, फक्त बसताना जवळ कुणीतरी हवं.

(दुसरा दिवस)

बी-३०४: सुतळीने मोजून बरोबर २०४ केला. पण ती बसली की टाचा उचलल्या जातात. थोडी हवा सोडावी म्हणतो, तर बूच आत घट्ट बसलंय. स्क्रू-ड्रायव्हरने उचकटू?

डी-४०३: काका, थांबा! मी गेल्या वर्षी तेच केलं. टोक घसरलं आणि बुचाच्या भोकाची कड चिरली. त्यानंतर कुठलंही बूच लावलं तरी हवा जायचीच. चांगला बॉल टाकून द्यावा लागला, अजून हळहळ वाटते.

ए-५०२: डब्यात प्लास्टिकचा छोटा चिमटा असेल, बूच काढायला तोच असतो. नसेल तर चमच्याचा बोथट दांडा बुचाच्या कडेखाली सरकवा आणि चारी बाजूंनी थोडं थोडं उचला. बूच निघताच भोकावर बोट ठेवा, हवा बेतानेच सोडा. मग तिला बसवून बघा: पाऊल पूर्ण टेकलेलं, मांड्या जमिनीला समांतर किंवा कमरेकडे किंचित उंच. हे जमलं की घेर किती आहे याला महत्त्व नाही.

सी-१०१: आणि पूर्ण रिकामा करायचा असेल तर? माझा दिवाणाखाली ठेवायचाय.

ए-५०२: बूच काढून आधी आपोआप जाईल तेवढी हवा जाऊ दे. मग समोरच्या बाजूकडून बुचाकडे तळव्यांनी दाबत आणायचं, चटई वळतो तसं. वर उडी मारून बसायचं नाही. साबणाच्या पाण्याने पुसून, वाळवून सैल घडी घाला. बूच पिशवीत घालून त्यालाच बांधा, हरवतं ते तेवढंच. उन्हात किंवा गाडीच्या डिकीत ठेवू नका. आणि भोक पडलं तर ठिगळ लावून त्यावर पुन्हा बसू नका, नवा घ्या.

बी-३०४: घेर १९६ वर आणला. पाऊल टेकतंय, मांड्याही बरोबर. चटईवर ठेवलाय, मागे भिंत आहे, मी शेजारी खुर्ची टाकून बसलोय. दहा मिनिटं बसली, कंबर मोकळी झाली म्हणते. सी-१०१ ताई, पंप संध्याकाळी वॉचमनकडे ठेवतो.